काचेचं मागचं टोक

ता. ४ ऑक्टोबर, शनिवार

चि. बारक्यास दादाचे अनेक आशीर्वाद. अक्कास नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा डोळा कसा आहे? पट्टीला हात लावू नकोस. खाज सुटली तरी लावू नकोस. खाली वाकून बुटाचे बंद बांधू नकोस, जड उचलू नकोस, शिंक आली तर दाबून धरू नकोस. हे सगळं मी औषधाच्या दुकानात विचारून घेतलं आहे. फोन केला असता, पण मशीनवर काचा घासून घासून तुझे कान गेले आणि तू फोनवर प्रत्येक गोष्टीला "हो हो" म्हणतोस. परवा मी विचारलं, "ताप आहे का?" तर म्हणालास, "हो हो, वहिनीलाही सांग." म्हणून पत्र.

पट्टी आहे तोवर अक्का तुला वाचून दाखवेल. अक्का, जरा बेताने वाच. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पण गल्लीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. ते जमणार नसेल तर आधी खिडकी लावून घे.

दुकानात फार काही नाही. तू नाहीस तर मोठी काच उचलणार कोण? दोन तसबिरी करून दिल्या, एका बाईंचा आरसा बदलून दिला. आरसा बसवल्यावर त्या म्हणाल्या, "जुन्या आरशात मी बरी दिसायचे हो." मी म्हटलं, "बाई, तो आरसा वीस वर्षांपूर्वीचा होता." त्या चिडल्या. तू असतास तर काहीतरी बोलून त्यांना हसवलं असतंस. मला ते जमत नाही.

तुझ्या वहिनीचे गुडघे थंडी सुरू व्हायच्या आधीच बोलायला लागले आहेत. जिना उतरताना एकेका पायरीवर थांबते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधापेक्षा उबदार हवा बरी. मी म्हटलं, हवा काय बाटलीत भरून देणार आहात का?

तर त्यावरून आठवलं. बाजारातल्या कोपऱ्यावर आपण दर्शनी काच बसवली होती, चपलांच्या दुकानाला, ती तुला आठवत असेलच. तिथे आता एक ऑफिस आहे. बाहेर निळ्या समुद्राची चित्रं लावली आहेत. कामधंद्यातून मोकळ्या झालेल्या माणसांना ते दूर एका छोट्या बेटावर राहायला पाठवतात. पाठवतात म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे. लोक आपण होऊन जातात. मी सहज आत गेलो. काच बघायला. काच शाबूत आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यातला टवका पुट्टीखाली आहे तसाच आहे, कोणाला पत्ता नाही.

तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. चहा प्यायल्यावर लगेच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून ऐकून घेतलं. बेट एवढंसं. सकाळी सायकलवर निघालं की दुपारच्या आत निघालो तिथेच परत. थंडी म्हणून नाहीच. घरं लाकडाची, खांबांवर उभी, आणि बारक्या, खिडक्यांना काचा नाहीत! आडव्या पट्ट्या फक्त. मी विचारलं, "काच का नाही?" त्या म्हणाल्या, "हवा खेळती राहते ना." आपलं दुकान तिथे एका दिवसात बुडेल.

आम्ही दोघं कदाचित थोडे दिवस बघून येऊ. बघून यायला काय हरकत आहे. अजून काही ठरलेलं नाही.

दुकानातलं कापायचं टेबल बघायला एक जण आला होता. नवा काचवाला आहे, पलीकडच्या रस्त्यावर बसतो, सदान्‌कदा टोपी घालतो. बघायला काय, लोक काहीही बघतात.

तू घाई करू नकोस. एका डोळ्याची पट्टी निघाली की लगेच दुसऱ्याचंही ऑपरेशन उरकून घे. अक्काकडे तुझी सोय चांगली आहे, इथे जिना आहे. आणखी एक लिहायचं होतं, पण कागद संपला. म्हणजे घरात आहे दुसरा, पण ट्रंकेत आहे, आणि ट्रंकेवर ही शेकत बसली आहे.

तब्येतीला जप. रात्रीचा दिवा डोळ्यांवर घेऊ नकोस.

दादा


ता. १५ ऑक्टोबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. अक्काचं अक्षर आणि तुझी जीभ, दोन्ही ओळखू आली. "दादाला म्हणावं, बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी आणि मधोमध भित्रा माणूस. याला न्हाणीघरातल्या बादलीची भीती वाटते, हा समुद्रात काय राहणार!" हे वाचून ही खूप हसली. मीही हसलो. मग जेवताना परत आठवलं तेव्हा नाही हसलो.

मला भीती वाटते हे खरं आहे. मी त्या बाईंना सगळं विचारलं. डॉक्टर किती दिवसांनी येतो, तर बोटीतून आठवड्यातून एकदा. म्हणजे माणसाने आजारी कधी पडायचं ते आधी ठरवून ठेवायचं. नारळ डोक्यावर पडतात का, तर म्हणाल्या, झाडाखाली बसू नका. मग सावलीत कुठे बसायचं? लाटा घरात येतात का? साप आहेत का? तिथे माणूस गेला तर त्याचं पुढे काय करतात? या प्रश्नावर त्या बिचाऱ्या उठून परत चहा आणायला गेल्या.

तू विचारलंस, "परत कधी येणार?" ते तिथे गेल्यावर कळेल. तिथली हवा कशी मानवते त्यावर आहे.

आणि अक्काने स्वतःच्या मनाने शेवटी लिहिलं आहे, "बारक्यालाही घेऊन जा की." अक्का, नेलं असतं. पण तिथला नियम आहे. फक्त नवरा-बायको. भाऊ-बहिणी चालत नाहीत. बेट लहान आहे, सगळ्यांचे भाऊ आले तर बुडेल. नियमाला आपण काय करणार?

टेबल दुरुस्तीला दिलं आहे. वरचं जाड कापड फाटलं होतं.

दुसऱ्या डोळ्याचं झालं ना? डॉक्टर जितके दिवस म्हणतील त्याहून जास्त राहा. इथे येऊन काय करणार आहेस? इथे सगळं आहे तसं आहे.

दादा


ता. २ नोव्हेंबर, रविवार

बारक्या,

अक्काने कळवलं की आता दोन्ही पट्ट्या निघाल्या आणि तू स्वतः पेपर वाचतोस, आणि वाचून झाल्यावर तिच्या घराच्या खिडक्या किती घाण आहेत ते तिला सांगतोस. म्हणून हे पत्र तुलाच. अक्काला देऊ नकोस. म्हणजे वाचून झाल्यावर दिलंस तरी चालेल, पण आधी तू वाच.

अक्का ओरडून वाचते, सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून आजवर खरं लिहिलं नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो. ते कारण आता राहिलं नाही. तसं ते कारण नव्हतंच.

तसा कुठलाही नियम नाही.

मी त्या ऑफिसात दुसऱ्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. अर्ज त्यांच्या भाषेत असतो, म्हणून बाई एकेक प्रश्न वाचून मला समजावत होत्या आणि मी सांगेन ते लिहीत होत्या. नाव, वय, धंदा. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी? तुमच्यावर अवलंबून असलेलं, किंवा तुम्ही ज्यांच्यावर अवलंबून आहात असं?" त्यांच्या मागे आपली काच होती. तू कापलेली. उन्हं कलली होती, तेव्हा काचेत मी मला दिसत होतो, खुर्चीत बसलेला, पिशवी मांडीवर. आणि मी म्हणालो, "कोणी नाही. आम्ही दोघंच."

त्यांनी लिहून टाकलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

भाऊ चालतो का, हे मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं आणि त्या "चालत नाही" म्हणाल्या असत्या, तर निदान तुला तोंड दाखवता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण त्या "चालतो" म्हणतील अशी मला भीती वाटली.

तुझ्या वहिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, तू येणारच आहेस. तुझ्या पत्रानंतर तिने विचारलं तेव्हा तिलाही मी नियमाचं सांगितलं. पण ही काही नियमाला घाबरणारी बाई नाही. परवा गुडघ्यांना पट्टे बांधून एकटी जिना उतरली, रिक्षा केली आणि त्या ऑफिसात गेली. बाईंनी मला दिलेला, बेटावरच्या घराच्या नकाशाचा कागद बरोबर नेला होता. बाईंना म्हणाली, "माझ्या दिराला सकाळचा उजेड लागतो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. ही मागची खोली पूर्वेकडे आहे का? आणि तुमच्या नियमात काही करता येतं का बघा, मी रडायलाही तयार आहे." बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "दीर? साहेब तर म्हणाले, कोणीच नाही. भाऊ चालतो की."

घरी आली, चप्पल काढली, स्वयंपाकघरात गेली. चहा केला. एकच कप केला. माझ्यासमोर बसून प्यायली.

मग म्हणाली, "का?"

मी म्हटलं, "चुकून."

"चुकून माणूस छत्री विसरतो. भाऊ विसरत नाही."

मी काहीतरी सांगायला लागलो, तुझे डोळे, तुझे कान, बोटीचा प्रवास. ती म्हणाली, "मला नका सांगू. भावजींना लिहा. मी तुमच्यासाठी खूप निरोप पोचवले, हा नाही पोचवणार." दोन दिवस झाले, आता ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलते. "वाढू?" आणि "पुरे?" एवढंच.

आता 'का' ते लिहितो. मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. चार इयत्ता शिकलेल्या माणसाने मनातलं लिहू नये, हिशेबापुरतं लिहावं.

लोक म्हणतात, दादाने बारक्याला सांभाळलं. तू लग्न केलं नाहीस, आमच्याकडे राहिलास, म्हणून म्हणतात. पण तुला आणि मला माहीत आहे कोण कोणाला सांभाळत होतं. गिऱ्हाईक तू बोलायचास. घरमालकाला तू थोपवायचास. माझी भीती तू चेष्टा करून घालवायचास. मला वाटायचं दार उघडं राहिलं, तू म्हणायचास, "दादा, चोराची तरी दया येऊ दे, त्याला आत येऊन काय मिळणार?" मग मला झोप लागायची. या सगळ्याचे उपकारच आहेत.

पण बारक्या, ते बेट माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं आणि भीती त्याच्यानंतर वाटली. एरवी आधी भीती वाटते आणि मग हवंसं काही उरतच नाही. संध्याकाळी त्या ऑफिसवरून येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचो. लाकडी घर, पट्ट्यांची खिडकी, ही बाहेर अनवाणी चालते आहे, असं बघत बघत. मला माहीत होतं, तुला सांगितलं की तू एक वाक्य बोलशील, मी हसेन, आणि ते सगळं संपेल. तुझ्या मनात वाईट काही नसतं. पण तुझ्या एका वाक्यात माझं बेट बुडालं असतं. आणि बघ, तू अक्काकडून ते वाक्य लिहून पाठवलंसच.

म्हणून मी तुझा डोळा पुढे केला. "एकाबरोबर दुसराही उरकून घे" हे डॉक्टर नव्हते म्हणाले, मी म्हणालो होतो. अक्काला वेगळा फोन करून मीच सांगितलं, "ठेवून घे त्याला, इथे जिना आहे." तू डोळे बांधून बसला होतास आणि मी इथे एकेक वस्तू काढत होतो. टेबल दुरुस्तीला दिलेलं नाही. टोपीवाल्याला विकलं.

आणि त्या टेबलाच्या खणात तुझा काच कापायचा हिरा होता.

चष्म्याच्या जुन्या डबीत, तू ठेवतोस तसा. माझ्या लक्षातच आलं नाही. टेबल जाऊन चार दिवस झाले आणि एका तसबिरीची काच कापताना मी माझा हिरा घेतला, तेव्हा तुझा आठवला. तसाच पळत गेलो. टोपीवाला दुकानातच होता, आणि तुझा हिरा त्याच्या हातात होता. म्हणाला, "काका, फार छान चालतो हो हा! कुठून घेतलात?" मी म्हटलं, "तो विकायचा नव्हता." भला माणूस, लगेच डबीत घालून दिला. पण त्याने चार दिवस चालवला होता.

आपण दोघांनी एका टेबलावर जन्म काढला, पण एकमेकांच्या हिऱ्याला हात लावला नाही. हिरा ज्या हाताने तिरका धरावा तसा झिजतो आणि त्याच हाताचा होऊन राहतो, हे तुला मी सांगायला नको. घरी आणून मी एका वाया गेलेल्या तुकड्यावर ओढून बघितला. तुझ्या हातात तो रेशीम फाडल्यासारखा आवाज करतो. माझ्या हातात नुसता किंचाळला. काच तुटली ती वाकडी. आता तो टोपीवाल्याने बिघडवला, की माझ्या हातात तो असाच किंचाळला असता, ते मला कळायला मार्ग नाही. ते तुझ्याच हाताला कळेल. पत्राबरोबर डबी पाठवतो आहे. अक्काकडे एखादी फुटकी काच असेल तर ओढून बघ आणि मला कळव. काय असेल ते खरं कळव. माझ्यासाठी बरं म्हणून लिहू नकोस.

आता शेवटचं. काल मी परत त्या ऑफिसात गेलो आणि अर्ज थांबवायला सांगितला. बाईंना म्हटलं, "एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं आहे." त्या म्हणाल्या, "बदलू या. भावाचं नाव सांगा." मी म्हटलं, "आत्ता नको. आधी त्याला विचारायचं आहे." महिनाअखेरपर्यंत त्या थांबतील.

तर विचारतो. येतोस का?

ये म्हटलं की लगेच येशील असं मला वाटत नाही. मी तुझ्या जागी असतो तर रागावलो असतो. पूर्वेची खोली हिने तुझ्यासाठी ठरवून टाकली आहे. तिथे काचा नाहीत, काम नाही, तुझी चेष्टा समजणारं कोणी नाही, माझ्याशिवाय. आणि मी आता सगळ्याच चेष्टांवर हसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आलास तर घरमालकाशी तूच भांडायचं असं काही नाही. तिथे मी भांडेन. जमेल तसं.

आणि नाही म्हणालास तर? हे मी चार वेळा लिहिलं आणि खोडलं. नाही म्हणालास तरी कदाचित मी जाईन. हिला घेऊन जाईन. काल सकाळी ती जिन्यात मधेच बसली होती, वरही नाही, खालीही नाही. मला हाक मारली नाही, कारण बोलत नाही. तिथेच भिंतीला हात लावून बसली होती. तिला मी आणखी एक हिवाळा इथे ठेवू शकत नाही. म्हणजे "मी तुला सोडून जाणार नाही" असं लिहून हे पत्र गोड करता आलं असतं, पण ते परत खोटंच झालं असतं.

मोठी काच नेताना तू पुढे असायचास, माझ्याकडे तोंड करून, उलटा चालत. तुला मागचं काही दिसायचं नाही. रस्ता मी बघायचो. तुझे कान होते तेव्हा मी ओरडायचो, "पायरी!" "वळ!" कान गेल्यावर अंगठीने काचेवर टकटक करायला लागलो. तू एकदाही मान वळवून बघितलं नाहीस. एवढी भीती वाटणारा माणूस मी, पण तुझ्या बाबतीत मी कधी पायरी सांगायला विसरलो नाही. लोक विचारायचे, "याला उलटं चालायची भीती वाटत नाही का?" तू म्हणायचास, "भीतीचं खातं दादाकडे आहे."

या खेपेला पायरी मला कधीपासून दिसत होती. मी टकटक केली नाही. तू उलटा चालत राहिलास आणि मी गप्प बसून बघत राहिलो.

तेवढी टकटक आज करतो. तुझ्या मागे पायरी आहे, बारक्या. मोठी आहे. थांब, मान वळव, आता डोळे चांगले झालेत, स्वतः बघ. मग शिव्या घाल, नाहीतर ये, नाहीतर दोन्ही कर. उत्तर येईपर्यंत काच खाली टेकवत नाही.

मागचं टोक धरून उभा असलेला,

दादा